एकच आकडा, तीन घड्याळं: मेमरी प्रोफायलिंगच्या सामाईक इंटरफेसचं एक प्रकरण

मी बाणेरमधल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत परफॉर्मन्सचं काम बघते. आमचा सर्व्हर चाकण-भोसरी पट्ट्यातल्या वाहतूकदारांच्या ट्रकमधून येणारे संदेश घेतो. गाडी कुठे आहे, इंजिन किती तापलंय, मागचं दार उघडं आहे का, असे छोटे छोटे संदेश, पण अखंड. प्रत्येक गाडीची ताजी स्थिती मेमरीतल्या एका मोठ्या हॅश टेबलमध्ये (चटकन शोधता येणाऱ्या तक्त्यात) राहते आणि अनेक थ्रेड (प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे धागे) ते टेबल एकाच वेळी वाचत-लिहीत असतात. आकडेमोड म्हणावी अशी त्यात जवळजवळ नाहीच. प्रोसेसरचा बराचसा वेळ मेमरीतून डेटा येण्याची वाट बघण्यात जातो. त्यामुळे कोणता डेटा उशिरा येतो आणि का, हा आमच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. तो मोजून बघणं म्हणजे मेमरी प्रोफायलिंग.

हाच सर्व्हर तीन प्रकारच्या यंत्रांवर चालतो. ऑफिसातलं यंत्र इंटेलचं, एका मोठ्या ग्राहकाकडचं एएमडीचं, आणि क्लाउडमध्ये पूर्ण भाड्याने घेतलेलं आर्मच्या निओव्हर्स कोअरचं. तिन्हींवर लिनक्स. तिन्हीकडे चालेल असं एकच साधन हवं म्हणून मी एक लहानशी लायब्ररी लिहिली होती. तिचा इंटरफेस मला तेव्हा फार सुबक वाटायचा. प्रत्येक नमुन्यात चारच रकाने: मेमरीतला पत्ता, लागलेले सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), मेमरीची पातळी (डेटा प्रोसेसरजवळच्या लहान, वेगवान कॅशमधून आला की दूरच्या मुख्य मेमरीतून) आणि थ्रेड. कुठल्याही प्रोसेसरवर चालवा, तेच चार रकाने भरून मिळणार.

हे प्रकरण त्या चार रकान्यांचं आहे.

घडलं काय

पुढच्या वर्षी कोणती यंत्रं घ्यायची हे ठरवायचं होतं. मी तिन्हीकडे सारखाच भार टाकून रात्रभर मोजणी केली. (ऑफिसातल्या यंत्रासाठी गुरुवार टाळला. पुण्यात देखभालीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारीच, आणि जनरेटरवर चाललेल्या दिवसाची मोजणी मला नको होती.) शेवटी तीन स्तंभांचा आलेख तयार झाला: मेमरीतून एक वाचन पूर्ण व्हायला सरासरी किती सायकल लागले. इंटेलचा स्तंभ बाकी दोघांच्या कितीतरी वर होता. एएमडीचा सगळ्यात खाली, आर्मचा त्याच्या थोडा वर.

बैठक लवकर आटोपली. इंटेलवर मेमरी सावकाश आहे, तेव्हा नवं यंत्र त्या जातीचं नको, असं ठरलं. आलेख माझा होता आणि मी काहीच बोलले नाही, कारण मलाही तो खरा वाटत होता.

शंका काढली ती टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने. आलेखाच्या मागच्या कच्च्या फाइली तो नुसत्याच चाळत बसला होता.

"ताई, एएमडीच्या फाइलमध्ये इतकी शून्यं कशी?"

"कॅशमध्ये लगेच सापडलं असेल अरे."

"लगेच म्हणजे शून्य सायकलमध्ये? आणि इंटेलच्या फाइलमध्ये तीसच्या खाली एकही आकडा नाही. तिथे कधीच लगेच सापडत नाही का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले, आणि पुढचे तीन आठवडे आम्ही त्या दोन प्रश्नांमागे होतो.

तीन यंत्रं नमुना कसा घेतात

प्रत्येक मेमरी-वाचनाची नोंद ठेवणं शक्य नसतं, तसं केलं तर प्रोग्रॅमच थांबेल. म्हणून प्रोसेसर अधूनमधून एखादी क्रिया निवडतो, तिच्यावर लक्ष ठेवतो आणि ती संपली की नोंद करतो. इथपर्यंत तिघांचं सारखं आहे. पण निवड कुणातून करायची आणि घड्याळ कधी सुरू करायचं, यावर तिघांची तीन मतं आहेत.

इंटेलकडे ही सोय पीईबीएस या यंत्रणेचा भाग आहे. वाचनाचा विलंब मोजण्याची क्षमता तिच्यात २००८च्या नेहेलेम पिढीपासून आली. तिला एक उंबरठा द्यावा लागतो. त्याहून कमी सायकलमध्ये संपलेली वाचनं मोजणीतच धरली जात नाहीत. लिनक्सचं पर्फ हे साधन मेमरीच्या मोजणीसाठी हा उंबरठा आपणहून ३० ठेवतं. मी तो कधी बदललाच नव्हता. तीसच्या खालचा आकडा न दिसण्याचं कारण एवढंच होतं: पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये चार-पाच सायकलमध्ये मिळालेली असंख्य वाचनं आम्ही गाळणीतून आधीच टाकून दिली होती.

एएमडीची आयबीएस यंत्रणा २००७ च्या बार्सिलोना प्रोसेसरपासून आहे आणि तिचा विचार अगदी वेगळा. ती मेमरीच्या क्रिया निवडत नाही, मायक्रो-ऑप (सूचना फोडून प्रोसेसर करतो ती बारीक क्रिया) निवडते. ठरावीक संख्येने मायक्रो-ऑप गेले की पुढच्याला खूण करायची आणि शेवटपर्यंत त्याच्या मागे राहायचं. तो बेरजेचा निघाला तर बेरजेचा, वाचनाचा निघाला तर वाचनाचा. वाचन असेल तर पत्ता मिळतो, पण विलंब फक्त पहिल्या पातळीच्या डेटा कॅशमध्ये न सापडलेल्या वाचनासाठीच. घड्याळ सुरू होतं तेच "इथे नाही" हे कळल्यावर. सापडलेल्या वाचनाचा विलंब नोंदवलेलाच नसतो. आणि माझी लायब्ररी त्या रिकाम्या जागी शून्य लिहीत होती.

आर्मचं एसपीई हे आर्मव्ही ८.२ या रचना-आवृत्तीतलं ऐच्छिक विस्तार-अंग आहे. तेही ठरावीक क्रियांनंतर एक क्रिया निवडतं, पण प्रत्येक नमुन्यासाठी चालू प्रोग्रॅम न थांबवता हार्डवेअरच नोंद मेमरीतल्या बफरमध्ये लिहीत जातं आणि तिचा अर्थ नंतर सॉफ्टवेअरने लावायचा असतो. फक्त लोड (वाचनं) हवेत, अमुक विलंबाच्या वरचेच हवेत, अशा गाळण्या त्यालाही लावता येतात. मात्र त्या निवड झाल्यावर लागतात, आधी नाही. आणि त्याचं घड्याळ सगळ्यात लवकर सुरू होतं. एकूण विलंबात क्रिया रांगेत लागल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा सगळा काळ येतो, म्हणजे मेमरीकडे विचारणा जाण्याआधी रांगेत थांबलेला वेळसुद्धा.

आता माझा आलेख काय सांगत होता ते बघा. इंटेलचा स्तंभ होता फक्त रखडलेल्या वाचनांची सरासरी. आर्मचा होता सगळ्या वाचनांची, रांगेतल्या वेळेसकट. एएमडीचा होता रखडलेल्यांचे खरे आकडे आणि बाकीच्यांची मी घातलेली शून्यं, यांची मिसळ. स्वारगेटहून हिंजवडीला जायला किती वेळ लागतो हे विचारताना एका दिवशी दीड तासाच्या वर लागलेल्यांनाच विचारायचं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना विचारून त्यात बसस्टॉपवर उभं राहिलेला वेळही धरायचा, आणि तिसऱ्या दिवशी ज्यांनी काही सांगितलं नाही त्यांच्या नावापुढे शून्य मांडायचं; मग तीन सरासऱ्या शेजारी ठेवून कोणत्या दिवशी रस्ता मोकळा होता ते ठरवायचं. आम्ही नेमकं हेच केलं होतं.

दुसरी चूक, जी जास्त खोल होती

विलंबाचा घोळ उलगडल्यावर पातळीचा रकाना तपासला. लायब्ररीत पातळ्यांना मी क्रमांक दिले होते: पहिल्या पातळीची कॅश ०, दुसरी १, तिसरी २, मुख्य मेमरी ३. आर्मच्या नोंदीत डेटा कुठून आला हे सांगणारा भाग प्रत्येक कोअर-रचनेनुसार वेगळा असतो. अर्थ लावायला कोअर कोणता हे माहीत असावं लागतं. शिवाय तो सगळ्या नोंदींत नसतोच, विशेषतः स्टोअरच्या (लिहिण्याच्या) नोंदींत. जिथे तो आला नव्हता तिथे रकाना कोराच राहिला. कोरा म्हणजे शून्य. शून्य म्हणजे पहिली पातळी. "माहीत नाही" असलेला प्रत्येक नमुना "सगळ्यात वेगवान" म्हणून मोजला गेला होता.

याची मला अजून खंत वाटते, कारण उत्तर डोळ्यांसमोर होतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) मेमरी-नमुन्याचा स्रोत सांगणारी एक ६४ बिटांची रचना आहे. पर्फमध्ये मेमरीचं हे काम २०१३ मध्ये, ३.१० आवृत्तीत आलं. त्या रचनेत क्रिया, पातळी, शेजारच्या कॅशकडे केलेली विचारणा, लॉक, टीएलबी (पत्त्यांची भाषांतरं ठेवणारी कॅश) अशा प्रत्येक गोष्टीसाठी "उपलब्ध नाही" असं सांगणारी वेगळी किंमत आहे, आणि ती शून्य नाही. ती रचना मी वाचली होती. माझा इंटरफेस सुटसुटीत व्हावा म्हणून नेमकी तीच किंमत मी गाळली.

त्या रचनेतून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सुरुवातीच्या पातळ्यांच्या यादीत एलएफबी हे नाव आहे, म्हणजे लाइन फिल बफर, कॅशमध्ये येणारा डेटा तात्पुरता धरणारी जागा. हा शब्द इंटेलच्या घरातला. इतर रचनांमध्ये तसं काम करणारे भाग आहेत, पण नावं आणि सीमा वेगळ्या. पुढे पातळीच्या क्रमांकासाठी, दूरचा नोड (यंत्रातला दुसरा प्रोसेसर-मेमरी गट) आहे का यासाठी आणि किती टप्पे ओलांडले यासाठी स्वतंत्र बिट जोडले गेले. विलंबाच्या रकान्याचंही तसंच. २०२१ मध्ये तो तीन भागांत विभागला गेला. इंटेलवर त्यातला दुसरा भाग संपूर्ण सूचनेचा विलंब सांगतो, तर आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर दुसरा आणि तिसरा भाग पाइपलाइनच्या, म्हणजे सूचना पार पाडण्याच्या, टप्प्यांचे सायकल सांगतात. रकाना एकच, अर्थ यंत्रागणिक निराळा. याला मी कर्नलचा दोष म्हणणार नाही, हार्डवेअर तसंच आहे. ते झाकायचं की सांगायचं, हा प्रश्न वरच्या थरात बसणाऱ्या आमच्यासारख्यांचा.

नवा इंटरफेस

आमचा पहिला विचार होता, तिघांकडे जे समान आहे तेवढंच ठेवू. फळ्यावर यादी केली आणि अर्ध्या तासात पुसली. विलंब बाद, कारण तिघांची सुरुवात वेगळी. पातळी बाद. उरला पत्ता आणि थ्रेड, आणि नुसत्या पत्त्यांनी आम्हाला काहीच कळत नव्हतं. फक्त समान तेवढंच ठेवण्याची ही वाट मोहात पाडते, पण तिच्या शेवटी प्रश्नाचं उत्तर नसतं.

मग आम्ही उलट बाजूने गेलो. लायब्ररीचा वरचा थर आता नमुने मागत नाही, प्रश्न विचारतो: कोणत्या कॅश लाइनवर (कॅश एका वेळी हलवते त्या सलग बाइटच्या तुकड्यावर) थ्रेड सगळ्यात जास्त अडतात? एकाचा लिहिलेला डेटा दुसरा किती वेळा ओढून घेतो? तो प्रश्न त्या यंत्रावर कसा विचारायचा हे खालचा थर ठरवतो. आणि खालून येणाऱ्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर आम्ही एक भाग सक्तीचा केला. त्या मुलाने बोलता बोलता त्याला "जन्मदाखला" म्हटलं आणि तेच नाव कोडमध्ये कायम झालं.

दाखल्यात असतं ते असं. निवड कुणातून झाली: सगळ्या मायक्रो-ऑपमधून की उंबरठा ओलांडलेल्या वाचनांमधून. गाळणी निवडीआधी लागली की नंतर. नमुन्यांमधलं अंतर किती आणि ते कशात मोजलं. विलंबाचं घड्याळ कुठून कुठपर्यंत चाललं. किती नमुने हरवले. कॅश लाइन किती बाइटची, कारण आमच्या तिन्ही यंत्रांवर ती ६४ बाइट असली तरी पॉवरवर १२८ असते आणि मी ६४ हा आकडा चार ठिकाणी थेट लिहून ठेवला होता. प्रत्येक रकान्यासोबत एक वैधतेचा बिट, म्हणजे तिथली किंमत खरी की कोरी हे सांगणारी खूण. पातळीची दोन नावं: एक यंत्राने दिलेलं जसंच्या तसं, दुसरं आम्ही लावलेलं सामाईक.

हरवलेल्या नमुन्यांवर थोडं थांबते, कारण तिथे एक फसवी खोच आहे. एसपीईमध्ये आधी निवडलेली क्रिया अजून संपली नसेल आणि पुढच्या निवडीची वेळ आली, तर नवी निवड टाकून दिली जाते आणि टक्कर झाल्याची खूण राहते. टक्कर कधी जास्त होते? आधीची क्रिया मेमरीची वाट बघत लांबते तेव्हा. म्हणजे नमुने नेमके रखडलेल्या काळातच जास्त गळतात. निवडीतलं अंतर वाढवलं की टकरी कमी होतात, पण नमुनेही कमी मिळतात. दाखल्यात टकरीची खूण नसेल तर हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.

सगळ्यात मोठा वाद झाला तो फाइली एकत्र करण्याच्या नियमावरून. मी म्हटलं, दोन फाइलींचे जन्मदाखले जुळत नसतील तर लायब्ररीने त्यांची सरासरी काढायला सरळ नकार द्यावा. आमचे उत्पादन-प्रमुख म्हणाले, "मॅडम, ग्राहकाला मी एक आकडा दाखवू की तुमचा नकार?" त्यांची अडचण खरी होती. ग्राहक विचारतो तो एकच आकडा.

म्हणून तुलना शक्य तिथे ती शक्य करायची, असं ठरलं. एसपीईला किमान विलंबाची गाळणी ३० वर लावली. एएमडीकडे तेव्हा आमच्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये हार्डवेअरची तशी गाळणी नव्हती, म्हणून फाइल वाचताना तीसच्या खालचं वगळलं. तरीही आकडे एका तराजूत बसत नाहीत. एसपीईचा एक नमुना अमुक इतक्या क्रियांचा प्रतिनिधी असतो, त्यामुळे गुणाकार करून अंदाज बांधता येतो. इंटेलवर हार्डवेअर उपलब्ध वाचनांतून काहींवरच लक्ष ठेवतं, त्यामुळे उंबरठा ओलांडलेली सगळी वाचनं मोजणीत येत नाहीत आणि नमुन्यांच्या संख्येवरून एकूण संख्या काढणं चुकीचं ठरतं. तिथे एकूण संख्या साध्या काउंटरवरून (घटना नुसत्या मोजणाऱ्या हार्डवेअरच्या आकड्यावरून) घ्यायची आणि नमुन्यांकडून फक्त वाटणी घ्यायची. घड्याळाची सुरुवात तर वेगळी राहतेच, ती कशाने जुळत नाही.

शेवटी इंटरफेसने यंत्रा-यंत्रांमध्ये एकच गोष्ट तुलनेला खुली ठेवली: क्रम. कोणती कॅश लाइन पहिली, कोणती दुसरी. सायकलची सरासरी एका यंत्रापुरतीच दिसते. दाखले न जुळणाऱ्या दोन फाइली दिल्या तर त्रुटी येते आणि कोणता रकाना जुळला नाही ते मराठी-इंग्रजी दोन्हीत सांगते. उत्पादन-प्रमुखांनी ते मान्य केलं, पण एका अटीवर: त्रुटीच्या खाली "मग काय विचारता येईल" हेही लिहायचं. ही अट माझ्या मूळ प्रस्तावापेक्षा चांगली होती.

मग काय सापडलं

नव्या साधनाने तिन्ही यंत्रांवर पुन्हा मोजलं. पहिल्या क्रमांकाच्या कॅश लाइन तिन्हीकडे एकाच ठिकाणच्या निघाल्या: गाडीची शेवटची वेळ आणि संदेशांचा मोजणी-आकडा. आमची प्रत्येक नोंद ३२ बाइटची, म्हणजे एका लाइनमध्ये दोन गाड्या. गाडीच्या क्रमांकावरून थ्रेड ठरत असल्यामुळे शेजारच्या दोन गाड्या बहुतेकदा दोन वेगळ्या थ्रेडकडे. एकाने आपल्या गाडीची वेळ लिहिली की दुसऱ्याच्या कॅशमधली तीच लाइन बाद. दोघं एकमेकांच्या डेटाला हातही लावत नव्हते, तरी लाइन सतत या कोअरकडून त्या कोअरकडे पळत होती.

इंटेलवर ही गोष्ट "दुसऱ्या कोअरच्या कॅशमध्ये बदललेल्या अवस्थेत सापडलं" अशा खुणेने दिसते. २०१७ पासून पर्फमध्ये यासाठी सीटूसी (कॅश-टू-कॅश) नावाचा वेगळा उपविभागच आहे. आर्मवर बदललेली अवस्था त्याच स्पष्टतेने कळत नाही. तिथे "शेजारच्या कोअरकडून मिळालं" एवढंच कळतं, आणि पर्फनेही आर्मसाठी शेजाऱ्यावरून क्रम लावणारा पर्याय नंतर जोडला. आमच्या इंटरफेसमध्ये या दोन वेगळ्या किमती आहेत आणि मी त्या एक करू दिल्या नाहीत. प्रश्नाला उत्तर द्यायला दोन्ही चालतात, पण एक खात्री आहे आणि दुसरा अंदाज.

दुरुस्ती सोपी निघाली. प्रत्येक नोंद ६४ बाइटपर्यंत फुगवणं हा पाठ्यपुस्तकी उपाय, पण त्याने टेबल दुप्पट होऊन कॅशवरचा ताण वाढला असता. त्याऐवजी थ्रेडची वाटणी गाडीच्या क्रमांकावरून न करता टेबलमधल्या सलग पट्ट्यांवरून केली. शेजारी आता एकाच थ्रेडकडे. त्या लाइन तिन्ही यंत्रांवर यादीच्या वरून निघून गेल्या आणि संदेश हाताळायचा वेळ तिन्हीकडे उतरला.

बैठकीतला जुना निर्णय मागे घेतला गेला. नवं यंत्र भाडं आणि विजेचा खर्च बघून ठरलं, मेमरीचा मुद्दा त्यात आलाच नाही. ऑफिसातलं इंटेल यंत्र अजून त्याच जागी आहे.

काही गोष्टी अर्ध्यावर आहेत. आर्मवर कर्नलच्या पान-तक्त्यांचं विलगीकरण चालू असेल तर एसपीई वापरता येत नाही, आणि ग्राहकाच्या यंत्रावर ती सुरक्षा बंद करा असं मी सांगणार नाही. तिथे आमचं साधन "नाही" असं सांगतं. क्लाउडच्या साध्या आभासी यंत्रांवरही बहुतेकदा तेच. मागच्या महिन्यात त्या मुलाने रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेचा एक बोर्ड आणला. काउंटर भरून वाहिला की व्यत्यय देण्याचं प्रमाणित विस्तार-अंग त्या परिवारात आहे, पण वाचनाचा पत्ता आणि विलंब देणारी नमुना-यंत्रणा त्याच्या बोर्डावर नव्हती. त्याने तरीही खालचा थर लिहून साधन चालवलं. जन्मदाखल्यात पत्ता, विलंब आणि पातळी या तिन्हींपुढे "उपलब्ध नाही" आलं, एकही शून्य नाही. त्याखाली ठरल्याप्रमाणे ओळ होती: या यंत्रावर कोणतं फंक्शन किती वेळा अडलं एवढं विचारता येईल. त्याने तेवढं विचारलं.